कराडचे गुरुजी, पुण्यातला फ्लॅट आणि टँकरची वही : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या शाळेतल्या गुरुजींचं आहे. त्यांना विचारून लिहितोय. नावं, इमारती, बिल्डर गाळले आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. पैशांचा हिशोब त्यांच्या वहीतून घेतला आहे.

मी पुण्यात एका बँकेच्या गृहकर्ज विभागात बावीस वर्षं काम केलं. निवृत्तीनंतर गावाकडची माणसं घर घेण्याआधी फोन करतात, तसा २०२२ च्या गणपतीत गुरुजींचा आला. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत. पेन्शन आहे, कराडला स्वतःचं घर आहे, डोक्यावर कर्ज नाही. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला असते, मुलगा जर्मनीत. त्या वर्षी भावाभावांनी मिळून गावची जमीन विकली. गुरुजी आणि काकूंच्या वाट्याचे पैसे आणि निवृत्तीची शिल्लक धरून हातात ८२ लाख होते. जमीन ग्रामीण भागातली शेतजमीन असल्यानं भांडवली नफ्यावरच्या कराचा प्रश्न आला नाही. ज्यांची जमीन नगरपालिकेच्या हद्दीत किंवा हद्दीलगत आहे त्यांनी मात्र हे आधी सीएकडून तपासून घ्यावं, कारण तिथे सगळा हिशोबच बदलतो.

गुरुजी म्हणाले, "पुण्यात एक फ्लॅट घ्यायचाय. भाडं चालू होईल असा. कुठं घ्यायचा तेवढं तू सांग."

अडचण

'कुठं'चं उत्तर मी दिलं नाही. 'कशासाठी' हे विचारलं. त्यावर बोलण्यात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या, आणि या सगळ्या प्रकरणात तो वेळ सर्वांत कामी आला असं मला आजही वाटतं.

गुरुजींना दर महिन्याला भाडं हवं होतं. काकूंच्या गुडघ्यांवर उपचार चालू होते, पेन्शनीत ओढाताण व्हायला लागली होती. पण बोलता बोलता कळलं की मुलांसाठी काहीतरी मागं ठेवायचं, त्याची किंमत वाढत राहावी, हेही मनात आहे. काकूंच्या मनात तिसरंच होतं. उद्या हातपाय चालेनासे झाले तर पुण्यात बहिणीजवळ राहता यावं. बहीण कोथरूडला.

या तीन इच्छा तीन वेगवेगळ्या वस्त्यांकडे ओढत होत्या. भाड्यासाठी ऑफिसांजवळ जायला हवं. किंमत वाढायला हवी तर शहराच्या कडेला, जिथे अजून रस्ते व्हायचेत. म्हातारपणासाठी कोथरूड. एका फ्लॅटमध्ये तिन्ही बसवायला गेलं की तिन्ही अर्धवट राहतात. बँकेत असताना अशी कितीतरी प्रकरणं टेबलावरून गेली. लोकांनी घर घेतलं आणि दोन वर्षांनी स्वतःलाच विचारत बसले, आपण हे नक्की का घेतलं?

शेवटी काकूंनीच सोडवलं. म्हणाल्या, "म्हातारपणाचं म्हातारपणी बघू. तेव्हा हा विकून दुसरा घेता येईल. आत्ता भाडं बघा." क्रम ठरला : आधी भाडं, मग किंमत, कोथरूड शेवटी.

पैशांची विभागणी

वस्ती बघायला निघण्याआधी मी एक अट घातली. सगळे ८२ लाख विटांमध्ये घालायचे नाहीत. त्या वेळी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला १५ लाखांची मर्यादा होती. गुरुजी आणि काकू दोघंही साठीच्या पुढचे, म्हणून दोघांचे मिळून ३० लाख तिथे ठेवायचे ठरले. बाकीचे ५२ लाख फ्लॅटला, तेही स्टॅम्प ड्युटी, रंगरंगोटी सगळं धरून.

गुरुजींना हे आवडलं नाही. "फ्लॅट मोठा घेतला तर भाडंही मोठं येईल," ते म्हणाले. मी कागदावर मांडून दाखवलं. पुण्यात घरभाड्याचं वार्षिक उत्पन्न घराच्या किमतीच्या तीन-चार टक्क्यांत खेळतं आणि योजनेवर तेव्हा साडेसात टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं. महिन्याच्या खर्चाला पैसा हवा असेल तर त्याचा मोठा भाग व्याजातून यायला हवा. फ्लॅट घ्यायचा तो वाढत्या भाड्यासाठी आणि मुलांसाठी. गुरुजींनी गणित दोनदा तपासलं आणि मान्य केलं.

या निर्णयानं वस्त्यांची यादी आपोआप लहान झाली. बाणेर, औंध, विमाननगर यादीतून गेले.

तपासलेले पर्याय

वाघोली. गुरुजींचा पहिला कौल इथलाच होता. बांधकाम चालू असलेला टू बीएचके, जीएसटी, स्टॅम्प ड्युटी, पार्किंग धरून ५५ लाखांच्या घरात. बजेटच्या वर, पण बिल्डर हप्त्यांत सवलत देत होता. माहितीपत्रकावर 'मेट्रोपासून पाच मिनिटं' असं छापलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्याची मेट्रो वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी एवढीच धावत होती. रामवाडीपर्यंतचं काम चालू होतं आणि रामवाडीच्या पुढं वाघोलीपर्यंतचा मार्ग नुसता प्रस्ताव होता.

सेल्स ऑफिसमधल्या मुलानं ताबा डिसेंबर २०२३ ला सांगितला. मी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला. तिथे बिल्डरनं स्वतः दिलेली पूर्णत्वाची तारीख बरोबर एका वर्षानं पुढची होती. बिल्डर कायद्याला बांधील असतो तो त्या तारखेला, सेल्सवाल्यानं दिलेल्या तारखेला नाही. भाडं आधी हवं असणाऱ्या माणसानं किमान दोन वर्षं शून्य भाडं धरायला हवं होतं.

तरीही गुरुजी ५१ हजारांचा टोकनचा चेक लिहायला बसले होते, कारण 'ही ऑफर रविवारपर्यंतच' होती. मी म्हटलं, "गुरुजी, एक सकाळ द्या. उद्या सहाला शेजारच्या सोसायटीच्या गेटवर जाऊ. चेक तिथून आल्यावर लिहा."

नवीन इमारतीत माणसंच नसतात, त्यामुळे तिथलं पाणी, वीज, कचरा कळत नाही. म्हणून त्याच रस्त्यावरच्या, चार वर्षं लोक राहत असलेल्या सोसायटीच्या गेटवर आम्ही जाऊन बसलो. लातूरकडचा वॉचमन होता. गुरुजींनी गावाकडच्या पाऊसपाण्याची चौकशी केली तसा तो मोकळा झाला आणि चहा मागवला. टेबलावर आडव्या रेघांची लांबट वही होती : तारीख, वेळ, गाडी नंबर, सही. टँकरची वही. गुरुजींनी ती हजेरीपटासारखी पुढ्यात ओढली, चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. आदल्या दिवशी अकरा टँकर. त्याच्या आदल्या दिवशी नऊ. आम्ही बसलो होतो तेवढ्यात, साडेनऊपर्यंत, पाच आले. प्रत्येक टँकर वळताना मागं स्कूलबस अडकायची.

"पाऊस संपून पंधरा दिवस झाले नाहीत," गुरुजी म्हणाले. "आत्ता अकरा, तर एप्रिलमध्ये किती?" वॉचमननं हातानंच दाखवलं, दुप्पट.

वाघोली ३० जून २०२१ ला इतर बावीस गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. हद्दीत आली म्हणून नळाला पाणी आलं असं होत नाही. जलवाहिन्या, टाक्या व्हायला वर्षं जातात. तोवर टँकरचा खर्च मेंटेनन्समधून जातो, आणि मेंटेनन्स सहसा मालकच भरतो. गुरुजींनी चेकबुक पिशवीत ठेवलं.

ताथवडे–पुनावळे. हिंजवडीच्या ऑफिसांना जवळ, इमारती चांगल्या, फ्लॅट तयार. पण तिथला टू बीएचके बजेटच्या फार वर होता, आणि आम्ही गेलो त्या एका सोसायटीतच विकायला वा भाड्याला काढलेल्या फ्लॅटचे चौदा बोर्ड दिसले. करोनानंतर ऑफिसं नुकती कुठे भरायला लागली होती. एकाच नमुन्याचे चौदा फ्लॅट भाडेकरूची वाट बघत असतील, तर भाडं मालकाच्या मनासारखं ठरत नाही. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं काम चालू होतं, रस्ता खणलेला होता. हा पर्याय आम्ही एका दुपारीत सोडला.

कोथरूड. चाळीस वर्षांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, लिफ्ट नाही, मागणी ७१ लाख. काकू खिडकीत उभ्या राहून समोरच्या बुचाच्या झाडाकडे बघत राहिल्या. घर सुंदर होतं. पण त्या वस्तीची किंमत आणि तिथलं भाडं यांचा मेळ बसत नव्हता, आणि आपण ठरवलेल्या क्रमात कोथरूड शेवटचं होतं. काकूंनी जिना उतरताना कठडा धरला आणि म्हणाल्या, "हा जिना मला आत्ताच जड जातोय." विषय संपला.

खराडी–चंदननगर. इकडे आम्ही मुद्दाम आलो नव्हतो. काकूंच्या भाच्याला इथल्या इऑन आयटी पार्कमध्ये नोकरी लागली होती आणि त्याच्यासाठी खोली शोधायची होती. काकूंनी तीन एजंटांना फोन केले आणि एका दिवसात वस्तीचं खरं भाडं कळलं. घेणाऱ्याला एजंट सांगतो 'सहज बावीस हजार मिळतील.' तोच एजंट भाडेकरूला म्हणतो 'अठरापर्यंत बसवून देतो.' फ्लॅटचं भाडं धरायचं ते दुसरं.

संध्याकाळी सात वाजता आम्ही चंदननगर भाजी मार्केटच्या बाजूनं आत फिरलो. गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं अडकवलेली मुलंमुली पायी घरी येत होती. मेस, पोळीभाजी केंद्रं, इस्त्रीवाले, सगळीकडे गर्दी. इथे भाडेकरू शोधावा लागत नाही हे डोळ्यांना दिसत होतं. पाण्याचं म्हणाल तर २०२१ च्या सुरुवातीला भामा आसखेडचं पाणी पूर्व पुण्याला मिळायला लागलं होतं. आम्ही इथेही तीन सोसायट्यांच्या वह्या बघितल्या. दोन ठिकाणी टँकरची वहीच नव्हती, तिसऱ्या ठिकाणी आठवड्याला दोन-तीन नोंदी.

वस्ती ठरली, पण इमारत?

वस्ती बरोबर असली तरी चुकीची इमारत घेता येते. खराडीत दोन फ्लॅट हाती आले. एक गुंठेवारीच्या (गुंठ्यागुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या) जागेवरच्या चार मजली इमारतीत, प्रशस्त, ४१ लाख. भाडं दोन्हीकडे सारखंच मिळालं असतं. दुसरा २०११ च्या सोसायटीत, ५१० चौरस फूट कार्पेट, तिसरा मजला, लिफ्ट, मागणी ४९ लाख.

पहिल्या इमारतीला भोगवटा पत्र, म्हणजे राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, नव्हतं. एजंट म्हणाला, "इथं कुणाकडंच नसतं, तरी व्यवहार होतातच." व्यवहार होतात हे खरं आहे. पण बहुतेक बँका अशा फ्लॅटवर कर्ज द्यायला तयार होत नाहीत, म्हणजे उद्या विकताना रोख पैसेवालाच गिऱ्हाईक शोधावा लागतो. म्हातारपणी विकून दुसरा घ्यायचा असं काकूंनी ठरवलं होतं, त्यांना हे परवडणारं नव्हतं. गुरुजींना आठ लाखांचा फरक फार वाटत होता. मी वकिलांकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेच्या मालकीच्या जुन्या नोंदींचा अहवाल) मागवला. त्यात जागेच्या वाटण्यांचा गुंता दिसला आणि त्यांनी माघार घेतली.

काय केलं

दुसऱ्या फ्लॅटचा सौदा ४६.५ लाखांवर ठरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये खरेदीखत नोंदवलं.

इथे एक निर्णय अवघड गेला. केवळ स्त्रीच्या नावानं घर घेतलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट मिळते, म्हणजे इथे ४६,५०० रुपये. पण तेव्हा अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. काकू बासष्टच्या. विकायची मोकळीक हवी होती म्हणून दोघांच्या नावानं घेतलं आणि सूट सोडली. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारनं ती अट काढून टाकली. निर्णय तेव्हाच्या माहितीवर बरोबर होता, तरी काकू अजून त्या साडेसेहेचाळीस हजारांची आठवण काढतात.

गुरुजींच्या वहीतला खर्च असा :

फ्लॅट ४६,५०,०००
स्टॅम्प ड्युटी ३,२५,५००
नोंदणी ३०,०००
ब्रोकर ४६,५००
वकील १५,०००
सोसायटी हस्तांतरण २५,०००
रंग, ओटा, नळदुरुस्ती १,१०,०००
एकूण ५२,०२,०००

किंमत ५० लाखांच्या आत असल्यानं खरेदीदारानं कापायचा एक टक्का टीडीएस लागला नाही. मार्चमध्ये दोघांची ज्येष्ठ नागरिक योजनेची खाती उघडली, आठ टक्क्यांनी. एप्रिलपासून व्याज ८.२ टक्के झालं आणि मर्यादाही ३० लाखांवर गेली. मर्यादा वाढणार हे १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पातच आलं होतं, त्यामुळे थोडं थांबून बघावं हे मी सुचवायला हवं होतं. मी सुचवलं नाही.

निष्पत्ती

पहिला भाडेकरू पाच आठवड्यांनी मिळाला, भाडं १८,०००, अनामत ५०,०००. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन नोंदवला, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली. करार तोंडी किंवा नुसत्या स्टॅम्प पेपरवर करणारे पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे.

पहिल्या पूर्ण वर्षाचा हिशोब वहीत आहे. बारा महिन्यांचं भाडं २,१६,००० धरलं. त्यातून मेंटेनन्स २७,६००, स्वतः राहत नसल्याचा सोसायटीचा आकार १,८००, मिळकत कर ९,४००, एक महिना रिकामा गेल्याचे १८,००० आणि एजंटचे ९,००० वजा केले. हाती १,५०,२०० राहिले. घातलेल्या पैशावर २.९ टक्के. तिकडे ३० लाखांवर वर्षाला २,४०,००० व्याज. गुरुजींनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि मला फोन केला. "सगळे फ्लॅटात घातले असते तर काकूचं ऑपरेशन लांबलं असतं रे." त्या वर्षी काकूंच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली.

मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली. खराडीहून रामवाडीला रिक्षानं जावं लागतं, तरी दुसऱ्या भाडेकरूनं १९,५०० दिले. फ्लॅट मधे फक्त बारा दिवस रिकामा होता.

आणि वाघोली? केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२५ मध्ये रामवाडी ते वाघोली मेट्रोला मंजुरी दिली. त्या प्रकल्पातले फ्लॅट आता बुकिंगच्या भावापेक्षा चांगले वर आहेत. किंमतवाढ हाच पहिला हेतू असता आणि हातात पगार असता तर वाघोलीचा निर्णय चुकीचा ठरला नसता. भाडं हवं असलेल्या पेन्शनरला तो झेपला नसता. ज्यांनी तिथे घेतलं त्यांच्यातले काही जण ताबा लांबल्यानं घरभाडं आणि हप्ता दोन्ही भरत होते, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे.

आज पुन्हा केलं तर

मिळकत कराचा अंदाज आम्ही आधीच्या मालकाच्या बिलावरून धरला, ५,६००. तो स्वतः राहत होता. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत भाड्यानं दिलेल्या घराला मिळत नाही. बिल आलं तेव्हा गुरुजी हबकले. ही चूक पूर्णपणे माझी, मला माहीत असून मी बिल नीट बघितलं नाही.

एक लाख दहा हजारांतले सत्तर हजार ओट्याखालच्या ट्रॉल्या आणि कपाटांवर गेले. त्यानं भाडं एका रुपयानंही वाढलं नाही. आता करायचं झालं तर रंग, नळ, वायरिंग एवढंच करीन आणि बाकीचं भाडेकरू बघून.

कन्व्हेयन्सचं मात्र मला अजून टोचतं. सोसायटीच्या नावावर जमीन झालेली नाही हे आम्हाला व्यवहाराआधी कळलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "प्रोसेसमध्ये आहे." मी ते पुढं खोदलं नाही, कारण तोवर फ्लॅट सगळ्यांना आवडला होता. मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरनं जमीन नावावर करून दिली नाही तर ती सरकारी अधिकाऱ्याकडून करून घेण्याचा) अर्ज झालाय का, कुठली कागदं अडलीत, हे विचारून सौद्यात आणखी लाख-दीड लाख कमी करून घेता आले असते. अर्ज झालाच नव्हता हे खरेदीनंतर सात महिन्यांनी, सर्वसाधारण सभेत कळलं.

त्या सभेला गुरुजी कराडहून पहाटेच्या एसटीनं आले होते. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटचे मालक सभेला फारसे येत नाहीत, त्यामुळे सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यांनी उभं राहून विचारलं, अर्जाला काय काय लागतं, आणि यादी स्वतःच्या अक्षरात लिहून घेतली. आता त्या कामाच्या समितीत ते आहेत. गेल्या आठवड्यात फोन आला होता. बारा सभासदांच्या सूची क्रमांक दोनच्या (नोंदलेल्या खरेदीच्या सरकारी गोषवाऱ्याच्या) प्रती अजून यायच्यात, आणि त्यांची नावं, फ्लॅट नंबर, शेवटचा फोन कधी केला ती तारीख, सगळं आडव्या रेघांच्या एका लांबट वहीत उतरवलंय.